वनहक्कानंतर अभ्यासाचा हक्क



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून मी अभ्यासाविषयी बोलायचं ठरवलं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत माणसांचा आणि जंगलाचा जो अभ्यास आजवर झाला, तो कुणी केला, कुणाच्या प्रश्नावरून केला आणि संपल्यावर तो कुणाकडे राहिला, हे मला तुमच्यासमोर मांडायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जंगलावरचा हक्क गावाला मिळाला, की त्या जंगलाचा अभ्यास करण्याचा हक्कही गावाकडे यायला हवा. तो आला नाही, तर मिळालेला पट्टा कपाटात राहतो आणि जंगलाचे निर्णय पूर्वीसारखेच दुसरीकडे होत राहतात.

२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. आज गडचिरोलीचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग जंगलाखाली आहे, आणि चंद्रपुरात कोळसा, सिमेंट, कागद, वीज आणि ताडोबाचे वाघ हे सगळं एकमेकांना खेटून आहे. अशा प्रदेशाकडे अभ्यासक येणारच. ते फार पूर्वीपासून येत आले आहेत. तेव्हा चांदा म्हटल्या जाणाऱ्या या जिल्ह्याची पद्धतशीर लिखित माहिती गोळा झाली ती जमिनीचा सारा ठरवण्यासाठी. १८६९ च्या बंदोबस्ताचा मेजर लुसी स्मिथ यांचा अहवाल आजही इतिहासकार उघडतात. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे खंड काढले. इंद्रावतीच्या पलीकडे बस्तरमध्ये प्रशासक असलेल्या ग्रिगसनने १९३८ साली माडिया गोंडांवर पुस्तक लिहिलं. ही कामं कष्टाची आहेत, त्यांतून आपण अजून शिकतो. पण ती ज्यांच्याविषयी आहेत त्यांच्या हातात ती कधी पडली नाहीत, आणि पडावीत असं त्या काळात कुणाला वाटलंही नाही.

जंगलाचं तसंच झालं. १८७८ च्या कायद्यानंतर राखीव जंगलं आखली गेली आणि वनखात्याचे वर्किंग प्लॅन, आजच्या भाषेत कार्य आयोजना, तयार होऊ लागले. या आराखड्यांना मी कमी लेखत नाही. त्यांत झाडांची मोजणी आहे, सागाचे घेर आहेत, कूपांची आखणी आहे, किती वर्षांनी कुठे तोड करायची याचं गणित आहे. आलापल्लीचा साग ज्याने पाहिला आहे, त्याला त्या मोजणीमागची मेहनत कळते. पण जंगलात लाकूड किती, या एका प्रश्नाभोवती ते सगळं फिरत होतं. त्याच जंगलात पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, कुठे निघतात, कोणत्या ओढ्यातले मासे कमी झाले, चारोळीची झाडं कोणत्या टेकडीवरून नाहीशी झाली, मोह वेचायला कुणाचं घर कोणत्या झाडाखाली जातं, याला त्या कागदांत जागा मिळाली नाही, किंवा मिळाली ती परिशिष्टापुरती. ज्याचा प्रश्न असतो त्याला हवं तेच मोजलं जातं.

आता गडचिरोलीतल्या संशोधनाने प्रश्नच कसा बदलला, त्याचं एक उदाहरण आरोग्यातलं घेतो, कारण ते सर्वात नीट नोंदलेलं आहे.

१९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीला आले आणि त्यांनी ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. त्या काळात ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे गरोदरपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच अर्थ सरकार आणि आंतरराष्ट्रीय संस्था लावत असत. गावातल्या बायका राणीताईंशी बोलताना वेगळंच सांगत होत्या: अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, पाळीचा त्रास आहे, आणि हे सगळं कुणाला सांगायची सोय नाही. वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. यापूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. या तपासणीवरचा निबंध जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि जगभरच्या स्त्री-आरोग्याच्या चर्चेत तो संदर्भ म्हणून वापरला गेला.

या अभ्यासातली सर्वात अवघड गोष्ट वैद्यकीय नव्हती. दुखणं नसतानाही तपासणीला या, असं खेड्यातल्या बाईला कोण म्हणणार आणि ती का येईल? त्यासाठी गावाशी, दाईंशी, बायकांशी आधी बोलणं व्हावं लागतं, आणि त्यांना ते आपलं काम वाटावं लागतं. राणीताईंचं ‘कानोसा’ हे पुस्तक अशाच ऐकण्यातून आलं. या ९२ टक्क्यांच्या मागे प्रयोगशाळेइतकंच मोठं काम त्या बोलण्याचं आहे, असं मला वाटतं.

पुढचं काम नवजात बाळांचं. खेड्यात जन्मलेलं बाळ पहिल्या महिन्यात गेलं, तर पुष्कळदा त्याची सरकारी नोंदच होत नसे. बाळ जन्मलं हेही कागदावर येत नसे. म्हणून आधी गावोगाव जन्ममृत्यूची नोंद उभी करावी लागली. मग ३९ गावांत, गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुदोषाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्या घरी जाऊन करत. निरक्षर दाईलाही श्वासाची गती कळावी म्हणून वाळूचं घड्याळ आणि मणी यांचं एक साधं उपकरण त्याआधी, न्यूमोनियाच्या कामाच्या वेळी, तयार झालं होतं. डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: या गावांत हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आला होता, आणि तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो जवळपास जिथल्या तिथे राहिला होता.

त्या ४७ गावांविषयी बोलल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. तुलनेच्या गावांशिवाय दिल्लीने आणि जिनिव्हाने हा निष्कर्ष मानला नसता, हे खरं आहे. गावातल्या बाईने इंजेक्शन द्यायचं म्हटल्यावर तज्ज्ञांचा विरोध केवढा असणार, याची कल्पना आपल्याला करता येते. तरीही शास्त्रीय तुलनेची किंमत कुणीतरी मोजत असतं, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा गरीब असतो. माझ्या मते या किमतीची भरपाई एकाच प्रकारे होऊ शकते: उपाय सापडला की तो ताबडतोब सर्वांपर्यंत गेला पाहिजे. आपल्या देशात आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो २०११ साली. मधली बारा वर्षं संशोधकांच्या नावावर टाकता येणार नाहीत. ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांच्याकडे त्याचा जाब मागायला हवा. उपाय सिद्ध झाल्यावरही ज्या समाजात तो अमलात यायला एक तप लागतं, तिथे संशोधन कमी पडतं असं म्हणून नव्या अभ्यासाला पैसे देणं ही पळवाट आहे.

आता जंगलाकडे येतो.

धानोरा तालुक्यात कठाणी नदीच्या काठी मेंढा नावाचं गोंडांचं गाव आहे. शेजारच्या लेखा गावाबरोबर त्याचं नाव मेंढा-लेखा असं घेतलं जातं. शंभरेक घरांची वस्ती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध जे ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं, बाबा आमटे ज्यात होते, त्यातून इथल्या अनेक तरुणांना आपलं जंगल म्हणजे काय याची जाणीव झाली. मेंढ्याचे देवाजी तोफा त्या पिढीतले. जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून आलेले चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल ‘वृक्षमित्र’ संस्थेमार्फत या भागातल्या गावांचा आणि जंगलाचा संबंध तपासत होते. ते गावात गेले, राहिले, आणि गावाने त्यांना आपल्यातलं मानलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा महाराष्ट्रभर पोचली आहे. या घोषणेइतकीच महत्त्वाची असलेली गावाची एक व्यवस्था मात्र फार कमी लोकांनी समजून घेतली, म्हणून मी तिच्यावर जरा थांबतो.

मेंढ्याने दोन वेगळ्या बैठका ठेवल्या. एक ग्रामसभा आणि दुसरा अभ्यासगट. निर्णय ग्रामसभा घेते आणि तो सर्वसहमतीने घेते, बहुमताने नाही. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या वेळी. अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकारच नाही. तिथे कुणीही यावं, बाहेरचा तज्ज्ञ बोलवावा, वनाधिकारी बोलवावा, कायदा वाचून घ्यावा, वाद घालावा. कुणाला काही पटलं नाही तरी चालतं, कारण उठताना हात वर करायचा नसतो. या रचनेतलं शहाणपण मला फार मोठं वाटतं. निर्णयाचं ओझं डोक्यावर असलं की माणसं आपली बाजू धरून बसतात. ते ओझं काढून घेतलं की शंका विचारता येते. आणि बाहेरच्या माणसाचं ज्ञान गावात येतं, पण त्याची सत्ता येत नाही. विद्यापीठांमध्ये आपण चर्चासत्रं भरवतो, तिथेही इतका स्पष्ट विचार झालेला दिसत नाही.

अभ्यासगटाने काय केलं? मधाचं पाहा. आग्या मोहोळ काढायची जुनी रीत म्हणजे रात्री पेटता टेंभा घेऊन चढायचं, माश्या जाळायच्या आणि अख्खं पोळं उतरवायचं. मध मिळे, पण वसाहत संपे, आणि त्या माश्यांवर अवलंबून असलेलं परागीभवनही. माणसाला डंख होत, कधी झाडावरून पडून जीव जाई. पोळ्याचा मधाचा भाग वेगळा आणि अंडी-अळ्यांचा भाग वेगळा असतो. संरक्षक कपडे घालून फक्त मधाचा भाग कापला तर माश्या राहतात आणि पुन्हा मध भरतात. हे शास्त्र बाहेरून आलं, पण कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात, किती हे गावालाच माहीत होतं. दोन्ही एकत्र बसले तेव्हा अहिंसक मधसंकलन शक्य झालं.

बांबूचा अभ्यास जास्त लांबला आणि त्यात जास्त संघर्ष होता. या दोन जिल्ह्यांतला बांबू वर्षानुवर्षं बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात असे. सरकार करार करी आणि गावाला तोडणीची मजुरी मिळे. बांबूची रांजी, म्हणजे बेट, कशी वाढते हे गावकऱ्याला ठाऊक असतं. पावसाबरोबर कोंब निघतो, एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतो, पण पक्का व्हायला त्याला काही वर्षं लागतात. कोवळा बांबू उभा राहायला जुन्याचा आधार लागतो. सगळं एकदम छाटलं तर रांजी खंगते. मजुराला टनावर पैसे मिळतात तेव्हा हे ज्ञान त्याच्या कामाचं राहत नाही. ज्याला पुढच्या पावसानंतरही त्याच रांजीकडे यायचं आहे, त्याच्या ते कामाचं असतं.

कर्नाटकात परिस्थितिकीतज्ज्ञ माधव गाडगीळांना १९७० च्या दशकात याच्याशी जुळणारा अनुभव आला. बांबू का संपतो आहे, याचा अभ्यास करायला सरकारने त्यांना सांगितलं होतं. बेटाच्या बुडाशी काट्यांचं जाळं असतं. ते साफ केलं तर बेट मोकळं होऊन चांगलं वाढेल, असा तज्ज्ञांचा सल्ला होता आणि कारखान्याची माणसं तसं करत होती. गावकरी म्हणत होते, काटे काढू नका. गाडगीळांनी मोजून पाहिलं तर काटे गेल्यावर कोवळे कोंब गुरं आणि वन्यप्राणी खाऊन टाकत होते. गावकऱ्यांचं निरीक्षण बरोबर ठरलं. मला या गोष्टीत गावकरी जिंकले याहून गाडगीळांनी मोजलं, याचं मोल जास्त वाटतं. लोकांचं म्हणणं त्यांनी डोळे मिटून मानलं नाही आणि अडाणीपणा म्हणून टाकूनही दिलं नाही.

मग मेंढ्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा आला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून लिहिलेला असूनही वाहतुकीचा परवाना गावाला मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. इथे वर्तमानपत्रांतली गोष्ट बहुधा थांबते. मला त्यामागची वीस वर्षं महत्त्वाची वाटतात. कायदा आला त्या दिवशी या गावाला आपल्या जंगलाच्या हद्दी, वापर, नियम, दंड, सगळं माहीत होतं आणि नोंदलेलं होतं. अभ्यास आधी झाला होता, हक्क नंतर आला.

मेंढ्याच्या मागोमाग गडचिरोलीतल्या हजाराहून अधिक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले; देशात एखाद्या जिल्ह्यात इतक्या प्रमाणावर हे क्वचितच घडलं आहे. त्यांतल्या बहुतेक गावांत क्रम उलटा होता. हक्क आला, तेंदूपत्त्याचा लिलाव आला, पैसा आला, आणि अभ्यास मागे राहिला. याचा दोष मी गावांना देत नाही. कुठल्याही गावाला वीस वर्षं आणि मोहनभाऊंसारखा सोबती मिळेलच असं नाही.

पण वेगळा मार्ग शक्य आहे, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने दाखवलं. २०१२ साली त्यांना १००६ हेक्टरवर हक्क मिळाला. बांबूतून उत्पन्न सुरू झालं. तेंदूपत्ता हे इथल्या गावांचं उन्हाळ्यातलं नगदी उत्पन्न, आणि पाचगावने ते सोडून द्यायचं ठरवलं. चांगला पत्ता यावा म्हणून झाडं छाटतात, जमिनीला आग लावतात. त्या आगीत रोपं जातात, पक्ष्यांची घरटी जातात, आणि छाटलेल्या झाडाला फळ धरत नाही. तेंदूचं फळ माणसं खातात, पाखरं खातात, अस्वल खातं. हा हिशेब गावाने केला आणि पैसा कमी घेतला. शिवाय जंगलाचा चौतीस हेक्टरांचा उत्तम तुकडा पूर्ण राखून ठेवला. आग आणि पुनरुज्जीवन यांवर जगात जाडजूड ग्रंथ आहेत. गोंडपिपरीतलं एक छोटं गाव त्यांच्या निष्कर्षाजवळ आपल्या वाटेने पोचलं आणि त्याने त्यानुसार स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडलं. याला मी उच्च दर्जाचं परिस्थितिकी संशोधन म्हणतो.

याच्याशेजारी एक सरकारी प्रयत्न ठेवून पाहा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही करायची आहे. कल्पना सुंदर आहे. गाडगीळांनी तिच्यासाठी आयुष्यातली पुष्कळ वर्षं दिली. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि न झाल्यास दंड सांगितला. मग देशभर नोंदवह्या भराभर तयार झाल्या, पुष्कळ ठिकाणी ठेकेदारी पद्धतीने. शेजारच्या गावांच्या याद्या एकमेकींशी शब्दशः जुळतात, तेव्हा त्या कुणी लिहिल्या हे विचारायची गरज उरत नाही. नोंदवही आहे, अभ्यास झालेला नाही.

इथे एक खबरदारीही घ्यायला हवी. गावाला सगळं माहीत असतं, हा समज मी तुमच्यापुढे ठेवत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला आणि राहिला. इथल्या कुठल्याही हयात आजोबांना रानटी हत्तीबरोबर राहायची सवय नव्हती. धान कापून खळ्यावर कसं ठेवायचं, घरात मोह आणि दारू ठेवली तर काय होतं, कळप समोर आला तर कोणत्या बाजूला सरायचं, हे बाहेरच्या जाणकारांकडूनच शिकावं लागलं. अभ्यासगटात तज्ज्ञाची खुर्ची असते ती याच्यासाठी.

आणि आणखी एक गोष्ट, जी आपण मोकळेपणाने बोलत नाही. गडचिरोलीतल्या एटापल्ली, भामरागडकडे वही काढून नावं लिहायला लागलात की समोरची माणसं गप्प होतात. नाव लिहून घेणारा माणूस त्यांनी अनेक रूपांत पाहिला आहे: गार्ड, पटवारी, ठेकेदाराचा दिवाणजी, पोलीस, आणि बंदूक घेतलेले दुसरेही. लिहिलेल्या नावामुळे काय होऊ शकतं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून इथे संशोधकाने विचारलेला प्रश्न निरुपद्रवी नसतो. संमतीच्या छापील अर्जावर अंगठा घेतला की काम झालं, असं मानणाऱ्यांनी या भागात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. संमती ग्रामसभेची घ्यावी, गोंडी किंवा माडियात बोलून घ्यावी, आणि नको म्हणाले तर परत जावं.

याच भागातल्या सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण चालू आहे, आणि तोच डोंगर ठाकूरदेवाच्या यात्रेचा आहे. खाणीवर मी वेगळं भाषण देईन. आज फक्त अभ्यासाच्या बाजूने बोलतो. आपल्या देशात एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल प्रकल्प करणाऱ्यानेच सल्लागार नेमून, पैसे देऊन करवून घ्यायचा असतो. २००६ च्या अधिसूचनेत तशीच पद्धत आहे. त्यात काम करणारे शास्त्रज्ञ प्रामाणिक असले तरी काय मोजायचं हे कोण ठरवतं? डोंगरावरून उतरणाऱ्या ओढ्यांचा रंग पावसाळ्यात कसा बदलला, हे खालच्या गावाने आठ-दहा वर्षं नोंदवून ठेवलं असेल, तर जनसुनावणीत त्या गावाकडे सांगायला काही असतं. नाहीतर त्याच्याकडे फक्त विरोध असतो, आणि विरोधाची नोंद एका ओळीत होते.

शेवटचा विषय वाघाचा, आणि चंद्रपुरात तो टाळून कुणाला बोलता येणार नाही. ताडोबाचं राष्ट्रीय उद्यान १९५५ चं. १९९५ साली व्याघ्रप्रकल्प झाला. आज जिल्ह्यातले पुष्कळ वाघ प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल या भागातल्या गावांभोवतीच्या जंगलात राहतात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. दर उन्हाळ्यात मोह आणि तेंदूच्या दिवसांत हे घडतं. पहाटे, अंधारात, वाकून किंवा बसून वेचणारा माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं अभ्यासक सांगतात.

या जिल्ह्यातल्या वाघांवर उत्तम शास्त्रीय काम चालतं. कॅमेरा ट्रॅप आहेत, रेडिओ कॉलर आहेत. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठसारख्या गावात वाघ जवळ आला की इशारा देणारे कॅमेरेही बसवले गेले. वाघ किती, त्यांचं क्षेत्र केवढं, ते एका जंगलातून दुसऱ्यात कसे जातात, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. मोह वेचणाऱ्या बाईचा प्रश्न मात्र असा आहे: उद्या पहाटे कोणत्या बाजूला जाऊ नको? आणि दुसरा प्रश्न: गेले नाही तर त्या दिवसाचं काय? पहिल्याचं उत्तर देणारी माहिती कुठेतरी संगणकात असते. शिकारी टोळ्यांच्या भीतीने ती उघड करता येत नाही, हे वनखात्याचं म्हणणं मला मान्य आहे. या टोळ्या खऱ्या आहेत. म्हणून गावाने आपली नोंद आपण ठेवायला हवी. आज कुणाला कुठे पाऊलखूण दिसली, कोणत्या नाल्यावर जनावर मारलं, कोणत्या वाटेवर ओरखडे आहेत, हे संध्याकाळी गावाच्या फळ्यावर आणि वहीत यावं. दोन-तीन हंगामांत वहीतूनच कळेल, की कोणती झाडं पहाटे टाळायची आणि कोणत्या बाजूला सूर्य वर आल्यावर गटाने जायचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत मिळणार नाही. ते शासनाने द्यायचं आहे, आणि त्या दिवसांची मजुरी देऊनच ते देता येईल.

हे काम कोण करणार? २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे आणि या दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. याच गावांतली मुलंमुली त्यांत शिकतात. समाजशास्त्राचा, प्राणिशास्त्राचा प्रकल्प म्हणून ती आज नागपूरच्या पुस्तकांतून उतारे घेतात. त्याऐवजी आपल्या गावच्या अभ्यासगटात वर्षभर बसून केलेली नोंद प्रकल्प म्हणून स्वीकारायला विद्यापीठाला कुणाच्या परवानगीची गरज नाही. बाहेरून येणाऱ्या संशोधकासाठीही एक अट घालता येईल: प्रबंध सादर करण्याआधी त्याचा मराठीतला आणि शक्य तिथे गोंडीतला सार ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि तिथल्या हरकती प्रबंधात छापाव्यात.

मोहाचा हंगाम मार्चअखेर सुरू होतो. त्याआधी सिंदेवाही आणि ब्रह्मपुरी तालुक्यांतल्या निदान काही गावांत फळा आणि वही सुरू व्हावी. विद्यार्थ्यांनी ती लिहायला मदत करावी, बायकांनी काय लिहायचं ते ठरवावं. मूळ वही गावात राहील. विद्यापीठाला एक प्रत मिळेल, आणि वनखात्याला हवी असेल तर त्याने ती ग्रामसभेकडे मागावी.